आजार ज्याचा, बातमी आधी त्याला

रिपोर्ट हातात पडला की आमच्या भागात पहिला प्रश्न असतो, "त्यांना कळलं तर नाही ना?" आजार कोणत्या स्टेजला आहे, पुढं काय करायचं, हे सगळं त्याच्यानंतर. आणि मग घरात जो वाद पेटतो तो मी आता इतक्या ठिकाणी ऐकलाय की दोन्ही बाजू पाठ झाल्यात. पुण्याला नोकरीला असलेली पुतणी म्हणते पेशंटचा हक्क आहे, तुम्ही लोक अजून कोणत्या जमान्यात राहता, परदेशात असं कुणी लपवत नाही. परभणीचे काका म्हणतात तुझं परदेश तुझ्याजवळ ठेव, आपल्याकडं माणूस हाय खातो, आपलं माणूस आपणच जपायचं असतं. तासभर हे चालतं, आवाज चढतात, कुणीतरी "हळू बोला, ऐकू जाईल" म्हणतं, आणि ज्याच्या पोटात गाठ निघालीय तो माणूस पलीकडच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलेला असतो, त्याला कुणी काहीच विचारलेलं नसतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. सांगायचं का लपवायचं, असा वाद मांडला की दोन्ही बाजू चुकतात. ज्याच्या अंगाला झालंय त्याला सगळ्यात आधी विचारावं की तुम्हाला किती ऐकायचंय, आणि तो म्हणेल तेवढं आजाराचं नाव घेऊन, न फिरवता सांगावं. नात्यागोत्यात कुणाला, कधी, किती सांगायचं हे मग त्यानं ठरवावं. एखादा म्हणाला की मला काही सांगू नका, पोरगं बघून घेईल, तर तेही त्याचंच ठरवणं आहे आणि ते मानायला पाहिजे. पण त्याला न विचारता त्याच्या वतीनं दहा जणांनी ठरवून टाकायचं, यात माया कितीही असली तरी तो त्या माणसावर अन्याय आहे, आणि बऱ्याचदा जिवावर बेततो.

लपवणाऱ्यांची बाजू हलकी नाही, हे मला मान्य आहे, आणि ती आजकालची पण नाही. चरकसंहितेत इंद्रियस्थानाच्या शेवटच्या अध्यायात वैद्याला स्पष्ट सांगितलंय की मरणाची लक्षणं दिसत असली तरी कुणी विचारल्याशिवाय बोलू नकोस, आणि विचारलं तरी जिथं त्या बोलण्यानं रोग्याला किंवा दुसऱ्या कुणाला धक्का बसेल तिथं बोलू नकोस. काकांच्या बाजूनं याहून वजनदार साक्ष मिळणार नाही. पण हे कशाबद्दल म्हटलंय ते बघा. दारात येऊन उभ्या राहिलेल्या मरणाबद्दल, जिथं वैद्याच्या हातात काही उरलेलं नाही. छातीतल्या गाठीच्या बायोप्सीला, पहिल्या अटॅकला, चारशे निघालेल्या शुगरला ते कसं लागू पडेल? त्याच चरकसंहितेत सूत्रस्थानात उपचाराचे चार पाय सांगितलेत, वैद्य, औषध, सेवा करणारा आणि स्वतः रोगी, आणि रोग्याचे गुण कोणते तर आठवण पक्की असणं, सांगितलेलं पाळणं, न भिणं, आणि आपल्याला काय होतंय ते नीट सांगता येणं. ज्याला काय झालंय हेच माहीत नाही तो पाळणार काय आणि सांगणार काय?

पुतणीचंही चुकतंच. परदेशात पहिल्यापासून सांगतात हे खरं नाही. १९६१ साली शिकागोच्या एका हॉस्पिटलातल्या दोनशेच्या वर डॉक्टरांना विचारलं होतं की कॅन्सरच्या पेशंटला तुम्ही सांगता का, तर दहातले नऊ म्हणाले की शक्यतो नाही सांगत. १९७९ ला अमेरिकेत तसाच सर्व्हे परत झाला तेव्हा ९७ टक्के डॉक्टर म्हणाले की सांगतो. अठरा वर्षांत तिथली माणसं वेगळी झाली का? इलाज सुधारले, पेशंट जगायला लागले, संमतीचा विषय कोर्टापर्यंत गेला, आणि माणसाला अंधारात ठेवून महिनोन् महिने केमो चालवता येत नाही हे लक्षात आलं. जपानात सम्राट हिरोहितोंना कॅन्सर होता हे जानेवारी १९८९ मध्ये ते गेल्यावर जाहीर झालं, डॉक्टरांना ते आधीपासून ठाऊक होतं. आज जपानातही कॅन्सरच्या पेशंटला सांगायची पद्धत रुळलीय. म्हणजे लपवणं ही सगळ्या जगाची, इलाज नसतानाच्या काळातली सवय आहे. आपल्याकडं इलाज आला आणि सवय तशीच राहिली, एवढंच. त्याला संस्कृतीचं नाव देऊन काकांनी ती पवित्र करू नये आणि पुतणीनं त्यावरून गावाकडच्या माणसाला अडाणी ठरवू नये.

आता "हाय खातील" याचं काय? धसका खरा असतो. नाव ऐकलं आणि जेवण सोडलं अशी माणसं मीही बघितलीत. पण आपण हे कुणाबद्दल म्हणतोय? आपल्या घरातली सत्तरी-पंच्याहत्तरीची पिढी, जिनं १९७२ च्या दुष्काळात सुकडी खाऊन खडी फोडलीय. लातूर-धाराशिवकडची असतील तर ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट त्यांनी बघितलीय, रात्री गणपती बोळवून झोपलेली आपलीच माणसं सकाळी किल्लारीत, सास्तुरात ढिगाऱ्याखालून काढलीत, आणि त्यानंतर परत घरं उभी केलीत, उरलेल्या लेकरांची लग्नं लावलीत. त्या माणसांना "गाठ आहे, ऑपरेशन करावं लागेल" हे एक वाक्य झेपणार नाही असं कशावरून ठरवलं आपण? बहुतेक वेळा ते वाक्य तोंडातून काढायला आपल्याला झेपत नसतं.

आमच्या नात्यातले एक अण्णा होते, जिंतूर तालुक्यातले. अन्ननलिकेचा कॅन्सर. पोरांनी सांगितलं अल्सर आहे. डॉक्टरच्या केबिनमध्ये अण्णा स्टुलावर बसलेले आणि त्यांच्या पाठीमागं उभं राहून थोरला डॉक्टरला हातानं खुणा करतोय, बोलू नका म्हणून. फाइलच्या पहिल्या पानावर कोरा कागद स्टेपल केलेला. आता अण्णा सातवी शिकलेले, ज्या बिल्डिंगीत त्यांना नेत होते तिच्यावर हातभर अक्षरात कर्करोग लिहिलेलं, आणि शेजारच्या कॉटवरच्या माणसानं पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमचा कुठला, घशाचा का?" अण्णांना सगळं कळलं होतं. त्यांनी ते फक्त आपल्या बहिणीला सांगितलं आणि वर म्हणाले, "पोरं लई भ्यालेत माय, मला माहीत हाय म्हणून त्यायला कळू देऊ नको." म्हणजे शेवटपर्यंत बाप पोरांना सांभाळतोय आणि पोरं बापाला, एकाच खोलीत बसून, आणि खरं बोलणं एकदाही नाही. विहिरीच्या हिश्श्याचं भावकीत तोंडी काय ठरलं होतं ते एकट्या अण्णांना माहीत, कुणाकडं किती उसने दिले ते त्यांनाच माहीत, पण विचारणार कसं, विचारलं की त्यांना कळेल ना. ते तसंच गेलं आणि आता ती पोरं कोर्टाच्या तारखा करायलेत. मला मात्र कोर्टापेक्षा दुसरी गोष्ट जास्त लागते, की त्या माणसाला ज्याच्याजवळ मोकळं रडता येईल असं आपल्या स्वतःच्या घरात कुणी उरलं नव्हतं.

थोरल्याला मी नंतर विचारलं तेव्हा त्यानं जे उत्तर दिलं ते या सगळ्या वादातलं सगळ्यात अवघड उत्तर आहे, आणि शहरातली हक्काची भाषा बोलणारी माणसं त्याला हातच लावत नाहीत. तो म्हणाला, सांगितलं असतं तर अण्णा म्हणाले असते दोन एकर विकू नका, मला घरी न्या. हे खरंय. सोयाबीन-कापसाचा भाव आणि सोसायटीचं कर्ज बघता असा बाप मराठवाड्यात घरोघरी आहे, आणि बापानं पैशापायी मरण पत्करू नये म्हणून पोरगा खोटं बोलतो, ते खोटं प्रेमातूनच आलेलं असतं, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण ती दोन एकर कुणाची? जमीन त्यांची, शरीर त्यांचं, आणि दोन्हीचा निर्णय त्यांना टाळून. शिवाय जन्मभर काटकसरीनं प्रपंच केलेला माणूस, त्याला विश्वासात घेतलं असतं तर त्यानं पहिलं हेच विचारलं असतं की सरकारी योजनेत बसतंय का. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, कॅन्सरचे उपचार त्यात धरलेत, संभाजीनगरला सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे. पण त्यासाठी पेशंटची कागदपत्रं, पेशंटचा अंगठा, पेशंटचा फोटो लागतो, आणि "त्यांना कळंल" या भीतीनं लोक ते टाळून प्रायव्हेटला जातात आणि मग जमीन विकतात. आणि समजा सगळं कळूनही अण्णा नाहीच म्हणाले असते, तर निदान त्यांच्याशी भांडता आलं असतं, नातीची शपथ घालता आली असती. ज्याला आजारच सांगितला नाही त्याची समजूत कशी काढणार?

बायांच्या बाबतीत तर हे जपणं कुठं जातं ते आपल्याच बीड जिल्ह्यानं दाखवलंय. ऊसतोड करणाऱ्या बायांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ ला गाजला, सरकारनं नेमलेल्या समितीनं ८२ हजारांवर बायांची माहिती घेतली आणि त्यातल्या १३ हजारांहून जास्त बायांची पिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणींना काय सांगितलं होतं? पिशवी सडलीय, कॅन्सर होईल. खरं काय झालंय हे त्या बाईला कुणी समजावलं नाही, नवऱ्यानं, सासूनं, मुकादमाकडून उचल घेऊन ऑपरेशन उरकलं. स्वतःच्या शरीराची बातमी दुसऱ्याच्या हातात असली की तीच बातमी भीती घालायलाही वापरता येते, आणि जपण्यासाठी लपवणारी सवय नसती तर हे इतकं सोपं गेलं नसतं. याच्या उलट शेजारच्याच धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखावर बायांचा अभ्यास झाला, गावोगाव घरी जाऊन बायांना गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीला बोलावलं, आणि २००९ ला छापून आलेला निष्कर्ष असा की आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही या विषाणूच्या टेस्टनंही या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. भूम-परांड्याच्या, तुळजापूर-कळंबच्या बाया घाबरून पळाल्या का? आणि कायद्याचं म्हणाल तर समीरा कोहली खटल्यात सुप्रीम कोर्टानं २००८ सालीच सांगून ठेवलंय. बाई भुलीखाली होती, जिवाला तातडीचा धोका नव्हता, आईनं सही दिली आणि पिशवी काढली, कोर्टानं म्हटलं की सज्ञान पेशंटच्या ऐवजी आईची संमती चालणार नाही. आईची सुद्धा चालत नाही, आणि आपल्याकडं दिराची, भाच्याची, गावच्या पुढाऱ्याची चालते.

हे झालं पेशंटपासून लपवण्याचं. उलट्या दिशेनं लपवणं त्याहून जास्त चालतं आणि त्यावर कुणी वादही घालत नाही. म्हातारा-म्हातारी गावाकडं, पोरं पुण्या-मुंबईत. रात्री दहाला बापाचा हात जड पडतो, तोंड वाकडं होतं, आणि आई म्हणते पोराला आत्ता कशाला झोपेतून उठवायचं, सकाळी सांगू. लकव्याच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायला पहिले साडेचार तासच असतात. सेलूहून, किनवटहून, आष्टीहून सीटी स्कॅन असलेल्या ठिकाणी पोचायलाच त्यातले किती जातात ते हिशेब करून बघा, आणि मग त्या "सकाळी सांगू"ची किंमत कळेल. आणि सांगतात तेव्हा तरी कसं? आधी जेवलास का, पाऊस झाला का, आणि मग "काही नाही, तू फक्त निघून ये." पलीकडचा माणूस मिळंल त्या ट्रॅव्हल्सनं रात्रभर प्रवास करतो, वाटेत वीस जणांना फोन लावतो, वीस जण त्याला "काही नाही, तू ये" म्हणतात आणि त्या रात्रीत तो बापाला मनात दहादा मारतो. पहिल्याच फोनमध्ये सांगता येत नाही का, की अप्पाला आठ वाजता अटॅक आला, अंबाजोगाईला आयसीयूत आहेत, बोलायलेत, उद्या अँजिओग्राफी आहे?

तार होती तेव्हाही हेच होतं. "मदर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली" अशी तार आली की माणूस धरूनच चालायचा की आई गेली. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली पण तो मजकूर अजून आपल्या फोनवर जिवंत आहे. थोडं सिरियस आहे, हे आपण न्यूमोनियालाही म्हणतो आणि माणूस गेल्यावरही म्हणतो. काही नाही, हे आपण खरंच काही नसतानाही म्हणतो आणि चौथ्या स्टेजलाही म्हणतो. याचा सगळ्यात वाईट परिणाम असा की चांगली बातमी पण कुणाला पटत नाही. माझ्या एका वहिनीची बायोप्सी साधी निघाली, गाठ निरुपद्रवी, डॉक्टरनं लिहून दिलं, तर ती कितीतरी दिवस रडत होती की तुम्ही सगळे मिळून माझ्यापासून लपवायलेत. तिचं काय चुकलं? सासूच्या वेळेस त्याच घरानं याच शब्दांत लपवलेलं तिनं डोळ्यांनी बघितलं होतं, त्यात तीही सामील होती. आपल्या इतिहासातली सगळ्यात वाईट बातमी सांकेतिक भाषेत आली होती. डिसेंबर १७६० मध्ये पैठणला लग्न करून उत्तरेकडं निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना वाटेत पानिपतची खबर कळली ती सावकारी भाषेत, दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, खुर्दा किती गेला त्याची मोजदाद नाही. शब्द झाकलेले होते पण दोन आणि सत्तावीस हे आकडे झाकलेले नव्हते, वाचणाऱ्याला किती गेलं ते बरोबर कळलं. आणि त्याच लढाईतून परत आलेल्या पार्वतीबाईंना सदाशिवरावांची खात्रीची खबर कधी पटलीच नाही, पुढचं आयुष्य त्यांनी नवरा जिवंत आहे असं धरून काढलं. वाईट बातमीपेक्षा अर्धवट बातमी माणसाला जास्त काळ धरून ठेवते, याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

लेकींचा तर नंबरच सगळ्यात शेवटी लागतो. "तिला नका सांगू, सासरी काळजी करत बसंल." आईला स्तनाचा कॅन्सर झाला तर लेकीनं स्वतःची तपासणी लवकर सुरू करायला पाहिजे, मग तिच्यापासून लपवून आपण तिला काळजीतून वाचवतो का तिची वेळ घालवतो? टीबीचंही तेच, पोरीचं लग्न मोडेल म्हणून गोळ्या डब्यात लपवायच्या, सासरी गेली की मधेच बंद करायच्या, आणि त्या घरातल्या लहान लेकरांची तपासणीही होत नाही. साधा टीबी सहा महिन्यांत बरा होतो, मधेच सोडला तर औषधाला दाद न देणारा होऊन बसतो.

मग सांगायचं कसं? माजलगावकडच्या माझ्या मावशीला तिच्या लेकीनं सांगितलं ते मी शेजारी बसून ऐकलंय. ओट्यावर दोघी ज्वारी निवडत होत्या. लेक म्हणाली, "माय, रिपोर्ट आलाय. सगळं सांगू का दादाला सांगू आन् तो बघंल?" मावशी म्हणाली, "अंग माझं हाय न गं, मला सांग." लेकीनं नाव घेऊन सांगितलं, छातीचा कॅन्सर आहे, पसरलेला नाही, ऑपरेशन आणि मग केमो, संभाजीनगरला. मावशी सूप खाली ठेवून बराच वेळ गप्प बसली. मग विचारलं काय तर, दुखंल का, केस जातेल का, आणि ज्वारी काढणीच्या आत मी घरी येईन का. मरणाचं एक अक्षर नाही. घरातल्या सगळ्यांनी दोन दिवस खलबतं केली होती ती मरणाच्या भीतीनं, आणि जिला आजार झाला होता तिच्या मनात भलतेच प्रश्न होते ज्यांची उत्तरं देता येण्यासारखी होती. शेवटी एवढंच म्हणाली की पोराला मी सांगते, तुम्ही कुणी फोन करू नका. तिनंच केला. पहिल्यांदा दवाखान्याचं नाव सांगितलं, मग आजाराचं, मग कधी ये ते. कॅन्सरचे डॉक्टर अवघड बातमी सांगायची पायरी-पायरीची पद्धत शिकतात, त्यातही आधी हेच असतं, तुम्हाला काय माहीत आहे आणि किती ऐकायचंय. मावशीच्या लेकीनं ते कुठं वाचलं नव्हतं.

सगळ्यांच्या घरात अशी लेक नसते, हेही मी मानते, आणि सरकारी ओपीडीत डॉक्टरला एका पेशंटला दोन मिनिटं मिळतात, तो तरी काय करणार, म्हणून तो नातेवाइकाला कोपऱ्यात घेऊन सांगतो आणि मोकळा होतो. आपल्याकडं हे चालणारच नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा आपल्याच उपजिल्हा रुग्णालयातली आयसीटीसीची, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशनाची आणि तपासणीची खोली बघून यावी. एचआयव्हीसारख्या, ज्याची सगळ्यात जास्त भीती आणि लाज होती अशा आजाराची टेस्ट तिथं कितीतरी वर्षांपासून होते. समुपदेशक टेस्टच्या आधी बोलतो, रिपोर्ट आला की त्या माणसाला एकट्याला बसवून त्यालाच आधी सांगतो, घरच्यांना कसं सांगायचं ते त्याच्याशी ठरवतो, २०१७ च्या कायद्यानं त्या गुप्ततेला संरक्षण पण आहे. ती माणसं याच गावांतली आहेत, याच तांड्यांवरची, वाड्या-वस्त्यांवरची. मग कॅन्सरच्या, किडनीच्या, हार्टच्या रिपोर्टला तशी एक खोली आणि एक शिकलेला समुपदेशक का नको? संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात, लातूर-नांदेडच्या मेडिकल कॉलेजांत, निदान प्रत्येक जिल्हा रुग्णालयात तरी हे पाहिजे, आणि जिथं समुपदेशकाची जागा मंजूर असून रिकामी आहे तिथं ती भरायला पाहिजे. रस्त्यासाठी, पाण्यासाठी आपण निवेदनं देतो, उपोषणाला बसतो. सरकारी दवाखान्यांना रुग्ण कल्याण समिती असते, तिच्या पुढच्या बैठकीसाठी हा विषय लिहून द्यायला एक साधा अर्ज पुरतो.